गार्डसाहेबांचा रविवार

गार्डसाहेबांना ऐकू येत नव्हतं, आणि जॅझच्या रेकॉर्डविषयी आमच्या वरठीत शेवटचा शब्द त्यांचाच असे. हे खोटं वाटेल, पण मी त्या प्रकरणातली साक्षीदार आहे. खरं सांगायचं तर साथीदारच. त्यांच्या घरी नऊ वर्षं मी स्वयंपाक केला आणि त्यातली शेवटची तीन वर्षं त्यांच्या वतीनं ऐकलंही. ते गाव सोडून गेले त्याला आता वर्ष झालं. कोणाला सांगायची चोरी उरलेली नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते.

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं. कान तिथंच गेले, असं ते म्हणत. "इंजिनवाल्याले पुढचं दिसते, गार्डले खालचं ऐकू येते. मी एवढं ऐकलं का कोटा संपला." रिटायर झाल्यावर स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्या बांधून राहिले. बायको वारलेली, एक मुलगी पुण्याला. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली लुंगी. वरून पाहिलं तर माणूस ड्यूटीवर, खालून पाहिलं तर रजेवर. चहा समोर आला की म्हणत, "सिग्नल भेटला." भाजीला मीठ कमी पडलं की ताट जरा पुढे सरकवून म्हणत, "गाडी आउटरले उभी आहे."

जॅझचा नाद त्यांना बिलासपूरला लागला. एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरचं कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. साहेब तिथं लोखंडी खाट आणायला गेले. नवीन लग्न झालेलं, घरात खाट नव्हती. परत आले ते एक जड खोकं आणि रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन. काकूंनी विचारलं, खाट कुठं आहे. हे म्हणाले, "हे ऐकलं का झोपच उडते. खाटेचं काम काय?" पुढे सहा वर्षं दोघं सतरंजीवर झोपली. काकू ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, असं साहेब स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्यानंतर ड्यूटी कलकत्त्याकडे लागली की तिथले जुने बाजार, आणि रिटायर झाल्यावर नागपूरचा जुना बाजार. रेकॉर्ड घेताना ती उन्हात तिरपी धरायची, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि शेवटी वास घ्यायचा. दुकानदार हसायचे. साहेब म्हणायचे, "बुरशी डोळ्याले उशिरा दिसते, नाकाले आधी समजते."

मी कामाला लागले त्याच आठवड्यात एक रेकॉर्ड राखेनं घासली. बाजारातून आणलेल्या चार रेकॉर्ड मोरीजवळ ठेवल्या होत्या. मला वाटलं, धुवायला ठेवल्या. धुवायलाच ठेवल्या होत्या, पण रिठ्याच्या पाण्यानं, बोटाच्या पेरानं, गोल गोल. मी काथ्या घेतला आणि एक तव्यासारखी लख्ख केली. साहेबांनी ती उजेडाकडे धरली आणि उलटसुलट करून पाहिली. मी पदर तोंडात धरून उभी. मग म्हणाले, "चकाकते तर मोठी. वाजते का पाहू." वाजली. आधी लाह्या फुटाव्यात तशी तडतड, आणि त्या लाह्यांच्या पलीकडे लांब कुठंतरी एक माणूस पियानो वाजवत बसलेला. साहेबांनी ती फेकली नाही. रविवारी मित्रांना ऐकवली आणि विचारलं, केव्हाची असेल. प्रोफेसरांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं की अगदी सुरुवातीच्या काळातली आहे, असं रेकॉर्डिंग आता कुठं मिळत नाही. साहेब म्हणाले, "नाहीच मिळत. फक्त आमच्या घरी होते." आणि स्वयंपाकघराकडे पाहून भुवई उडवली.

रविवारची बैठक दुपारी तीनला भरे. साहेब धरून तिघं. प्रोफेसर भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा जीव कव्हरांवर. कव्हराच्या मागचा बारीक मजकूर त्यांना पाठ असे, आणि रेकॉर्ड न ऐकता तिच्यावर तासभर बोलता येई. दुसरे बँडमास्तर. हे कारध्याचे, लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे, वैनगंगेचा पूल ओलांडून मोपेडवर येत. त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नसे आणि वाचायची हौसही नव्हती. एकदा त्यांनी प्रोफेसरांच्या देखत एका कव्हरावर भजी ठेवून खाल्ली. त्यावरून दोन रविवार अबोला होता. दोघं यायचे, पण साहेबांमार्फत बोलायचे.

बैठकीचा खेळ असा. ज्याची पाळी असेल त्यानं एक रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, नाव दिसू न देता लावायची, आणि बाकीच्यांनी वाद्य कोणतं, वाजवणारा कोण, हे ओळखायचं. वाद झाला की निकाल साहेबांचा. त्यांच्या खुर्चीला नोकरीतल्या दोन झंड्या टेकवलेल्या असत. हिरवी उचलली की बरोबर, लाल उचलली की चूक. लाल झंडीवर अपील नव्हतं. हरलेल्यानं उभं राहून जिंकलेल्याची तारीफ करायची. प्रोफेसर हरले की दहा मिनिटं बोलत, आणि त्या दहा मिनिटांत आपणच कसे बरोबर होतो ते सांगत. बँडमास्तर हरले की म्हणत, "लय बढिया. बसू का आता?"

या रविवारावर एक टांगती तलवार होती. साहेबांच्या मुलीनं प्रोफेसरांना सांगून ठेवलं होतं की बाबांना एकट्यानं जमेनासं झालं की लगेच फोन करा, मी त्यांना पुण्याला घेऊन जाईन. प्रोफेसरांच्या पोटात काही राहत नसे, त्यामुळे हे त्यांनीच साहेबांना सांगून टाकलं. साहेब मला म्हणाले, "पुण्याले माह्यं सगळं नीट होईन वो. औषध टायमावर, जेवण टायमावर. पण रविवारी भांडू कोणाशी?"

आणि नेमकं त्याच सुमारास त्यांचे कान पुरते गेले.

मला कळलं ते एका पातेल्यामुळे. त्यांच्या पाठीमागे माझ्या हातून भरलं पातेलं फरशीवर पडलं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. साहेब पेपर वाचत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्या समोर येऊन, ओठ जरा हळू हलवून बोलू लागले. दिवाळीच्या तोंडावर एकदा पोळीचा घास थांबवून म्हणाले, "तुले समजलं."

"हो जी."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"कोणाले सांगितलं?"

"मी कोणाशी बोलते का जी?"

हे त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं आणि हसले. खरंच आहे, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. त्यांच्याकडे कामाला होते तेवढ्या वर्षांत प्रोफेसरांशी मी फक्त "साखर?" एवढंच बोलले होते.

नागपूरला जाऊन त्यांनी गुपचूप कानाचं यंत्र आणलेलं होतं. त्यातून बोलणं थोडंफार कळे, पण भोंगा बकरीसारखा ऐकू येई. ट्रंपेटला ते भोंगा म्हणत. "पन्नास वर्षं ज्याले वाघ समजलो तो बकरी निघाला तर कसं?" असं म्हणून त्यांनी ते यंत्र तूरडाळीच्या डब्यात ठेवून दिलं. बैठकीत बोलणं ही अडचण नव्हतीच. प्रोफेसर आणि बँडमास्तर एकमेकांचं ऐकत नसत. त्यात साहेबांचं न ऐकणं कोणाच्या लक्षात येणार? अडचण फक्त रेकॉर्डची होती. जाड आवाजाचं बेस आणि ढोल त्यांना लाकडी स्पीकरवर तळहात ठेवून कळे. वरचं सगळं गेलं होतं.

मग आम्ही भांडी लावून घेतली. पाहुणे स्वयंपाकघराकडे पाठ करून बसत आणि साहेबांचं तोंड माझ्याकडे असे. मी दारात उभी राहून जे वाजत असेल ते दाखवायचं. ट्रंपेट असेल तर फुंकणी. सॅक्सोफोन असेल तर वाकड्या दांड्याची पळी. क्लॅरिनेट म्हणजे लाटणं, पियानो म्हणजे पोळपाट, आणि ट्रॉम्बोन म्हणजे झारा, पुढे-मागे करून. सहा वर्षं भिंतीआडून ऐकून वाद्यं माझ्या कानात बसलेली होतीच, फक्त त्यांची नावं मला माहीत नव्हती. ती साहेबांनी दोन दुपारी बसून शिकवली. वाजवणारा कोण, हे मात्र मी कुठून सांगणार? ते साहेब वाद्यावरून आणि दोघांच्या भांडणावरून ताडत. प्रोफेसर पहिलं नाव घेत ते बहुतेक चूक असे, एवढ्यावर त्यांचं अर्धं काम होई.

दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी मी भजी तळत होते. रेकॉर्ड प्रोफेसरांनी आणलेली, त्यात पियानो, बेस आणि ढोल एवढे तिघंच. पोळपाट दाखवून झालं होतं. घाणा लाल व्हायला लागला म्हणून मी झारा घातला, भजी उचलली, तेल निथळायला झारा दोनदा पुढे-मागे केला. तिकडे साहेबांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "आता पाहा. ट्रॉम्बोन कसा चोरपावलानं आला."

माझ्या हातातून भजी कढईत परत पडली. बँडमास्तर म्हणाले, "कुठं आहे ट्रॉम्बोन?"

साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. पण बोट वर केलेलं होतं. गार्डनं दाखवलेला सिग्नल मागे घ्यायचा नसतो, असा त्यांचा नियम. ते शांतपणे म्हणाले, "ज्याले ऐकू येते त्याले येते."

प्रोफेसर पुढे वाकले. मान तिरपी केली. अर्धं मिनिट गेलं. "आहे," ते म्हणाले. "फार मागे आहे, पण आहे. माइकपासून लांब बसवला असणार."

"सर, रेकॉर्ड तुमची. कव्हरावर लिहिलं आहे का?" बँडमास्तरांनी विचारलं.

"कव्हरावर सगळ्यांची नावं देत नाहीत. पाहुणा वादक असतो."

त्यानंतर तीन रविवार त्या ट्रॉम्बोनवर गेले. बँडमास्तर म्हणत, तो नाहीच. प्रोफेसरांना दर वेळी तो जास्त स्पष्ट ऐकू येई. तिसऱ्या रविवारी तर त्यांनी वाजवणाऱ्याचं नावसुद्धा सांगितलं. साहेब हिरवी झंडी हातात घेऊन गंभीर बसून राहत, आणि मी स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात कोंबून.

पण बँडमास्तर कानाचे पक्के होते. नसलेला ट्रॉम्बोन त्यांना सतावत राहिला. चौथ्या रविवारी ते अर्धा तास लवकर आले, प्रोफेसर यायच्या आधी. स्वतःच रेकॉर्ड लावली, सुई ठेवली, आणि बसता बसता पायाच्या अंगठ्यानं स्पीकरची वायर काढली. मी दारातून पाहिलं. रेकॉर्ड गरागरा फिरत होती आणि खोलीत आवाज नव्हता. साहेबांनी सवयीनं मान डोलवली आणि माझ्याकडे पाहिलं. काय दाखवायचं? शांततेचं भांडं आम्ही ठरवलेलंच नव्हतं. मी तशीच पुढे गेले, खुर्चीजवळची लाल झंडी उचलली आणि त्यांच्यासमोर धरली.

साहेबांचा हात स्पीकरवर गेला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी बँडमास्तरांकडे पाहिलं.

बँडमास्तरांनी वायर परत जोडली. मग साहेबांच्या समोर तोंड आणून म्हणाले, "कायले लपवून राहिले, साहेब?"

"पुण्याले नाही जायचं मले."

"मंग नका जाऊ. मी सरले काही सांगत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पण वहिनी, तुमचं एक चूक आहे. मागच्या महिन्यात मी मागं वळून पाहिलं, तर माह्या कॉर्नेटच्या रेकॉर्डले तुम्ही फुंकणी दाखवत होत्या. कॉर्नेट आणि ट्रंपेट एक नाही होत. कॉर्नेटले काहीतरी वेगळं पाहा."

कॉर्नेटसाठी मी चहाची गाळणी ठरवली. बँडमास्तरांना ती पसंत पडली नाही, पण घरात दुसरं काही नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण साहेबांना सकाळी रुळ ओलांडून बाजारात जायची सवय होती. एका सकाळी मी भाजी घेऊन त्यांच्या वीस पावलं मागे होते. पलीकडच्या रुळावर एक मालगाडी हळूहळू येत होती. शिट्टी झाली. माणसं ओरडली. मीही ओरडले असेन. साहेब त्याच रुळांच्या मध्ये उभं राहून छत्रीची काडी नीट करत होते. मी पिशवी टाकून धावले आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला मागून धरून ओढलं. आम्ही दोघं खडीवर पडलो. डबे आमच्या समोरून एकेक करून गेले. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं आमच्याकडे पाहिलं, आणि साहेबांनी बसल्याबसल्या त्याला हात केला.

"मेलो असतो तर पंचाईत होती," ते कपडे झटकत म्हणाले. "असे रिपोर्ट या लाइनवर मीच लिहायचो. माह्यासारखा कोणाले जमला असता?"

मला हसू आलं नाही. ते म्हणाले, "कोणाले सांगू नको." मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

तीन वर्षं मी त्यांचा रविवार वाचवला होता. पण सोमवार ते शनिवार त्यांच्या मागे कोण चालणार होतं? दुपारी मी त्यांच्या वहीतून मुलीचा नंबर काढला. आपण होऊन कोणाला फोन करण्याची माझी ती पहिली वेळ. पलीकडून "हॅलो, कोण?" असं चार वेळा ऐकलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं. "काकाजींले ऐकू येत नाही. आज रुळावर वाचले," एवढं बोलले आणि फोन ठेवून दिला.

मुलगी तिसऱ्या दिवशी आली. तिला कोणी सांगितलं हे तिनं लपवलं नाही, आणि साहेब माझ्यावर रागावले. बहिऱ्या माणसाला रागावणं फार सोपं असतं. डोळे मिटले की झालं. मी समोर आले की ते डोळे मिटत. ताट ठेवलं की डोळे मिटूनच जेवत, त्यामुळे भाजी शर्टावर सांडे. पाच दिवस हे चाललं. मी रोज शर्ट धुतला आणि काही बोलले नाही. बोलले असते तरी काय उपयोग होता?

प्रोफेसरांना खरं कळलं तेव्हा त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तो ट्रॉम्बोन..." बँडमास्तर म्हणाले, "भजे होते, सर." प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तरीही. मागे कुठंतरी काहीतरी होतं."

सामान बांधायच्या दिवशी साहेबांनी तिघांना बोलावलं. रेकॉर्ड पुण्याला न्यायच्या नाहीत, असं त्यांनी मुलीला आधीच सांगितलं होतं; ऐकू येत नाही तर न्यायच्या कशाला. आता त्यांनी खाली सतरंजी अंथरली आणि आमच्यासमोर एकेक रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढायला सुरुवात केली. दोनशेच्या वर होत्या. दोन तास लागले. कव्हरांचा गठ्ठा वेगळा, कागदी पाकिटातल्या नुसत्या रेकॉर्डचा वेगळा. कव्हरं त्यांनी प्रोफेसरांकडे सरकवली. "सर, तुमचा जीव यात आहे. घेऊन जा." रेकॉर्ड बँडमास्तरांकडे सरकवल्या. "तुले कव्हराचं काम नाही. भजे ठेवाले पेपर घेत जा." दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मशीन आणि स्पीकर माझ्यापुढे ठेवले आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"माहा रविवार तू मोडला," ते म्हणाले. "आता तूच सांभाळ."

"मले नाही जमत जी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

स्टेशनवर आम्ही तिघं पोचवायला गेलो. साहेब डब्यात चढले तेव्हाही पांढरा शर्ट होता, या वेळी खाली पॅन्ट. गाडी हलली तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही; दारातून वाकून ते मागे गार्डच्या डब्याकडे पाहत होते, त्यानं झंडी नीट दाखवली की नाही ते.

पुढच्या रविवारी तीन वाजता माझ्या दारात दोघं उभे. प्रोफेसरांच्या दोन्ही हातांत कव्हरांच्या पिशव्या, बँडमास्तरांच्या मोपेडला रेकॉर्डचं पोतं बांधलेलं. माझ्या नवऱ्याची प्लांटात रात्रपाळी झालेली, तो आत झोपला होता. गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

प्रोफेसर म्हणाले, "वनमालाबाई, तुम्हाला त्रास नको. मशीन मी घेऊन जातो. माझ्याकडे वेगळी खोली आहे."

"तुमच्याकडे कायले?" बँडमास्तर म्हणाले. "रेकॉर्ड माह्याकडे, तर मशीन बी माह्याकडेच पाहिजे. वहिनी, पोत्यावरच बांधतो, काही होत नाही."

मी दाराच्या आड उभी. कोणी काही मागितलं तर देऊन मोकळं व्हायचं, हीच माझी जन्माची रीत. गल्ली पाहत होती आणि मला आत जायची घाई होती. देऊन टाकलं असतं तर पाच मिनिटांत सगळं शांत झालं असतं. पण मला दिसत होतं की मशीन ज्याच्याकडे जाईल त्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्याची गरज उरणार नाही. प्रोफेसर घरी बसून कव्हरं वाचतील. बँडमास्तर लग्नाच्या तारखांत बुडतील. मग साहेबांचा रविवार मी खरोखरच मोडला असं होईल.

"मशीन कुठं जात नाही," मी म्हणाले. "आत या. बसा."

आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. ओट्यावरच्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. बँडमास्तर प्रोफेसरांच्या कानाशी म्हणाले, "सर, बोलते न हे बाई."

"मला वाटलं, फक्त साखरेचं विचारते," प्रोफेसर म्हणाले आणि चपला काढल्या.

पहिली रेकॉर्ड लावली तशी आतून नवरा उठून आला, दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?" कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून तोही बसला.

ते दोघं गेल्यावर मी नवऱ्याच्या मोबाईलवरून साहेबांना निरोप लिहिला. एका बोटानं, अक्षर शोधत. "आज तिघं बसलो होतो. मशीन ठीक आहे."

लगेच उत्तर आलं. "हजेरी कायले घेते? वाजलं काय ते लिही."

फुंकणी-पळी मोबाईलवर दाखवता येत नाही. मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि विचार करत बसले. चहा उतू गेला तेव्हा कुठं एक ओळ जमली. "एक भोंगा होता, रागावलेला पण तोंड मिटून. आणि एक पियानो त्याला समजावत नव्हता, नुसता जवळ बसला होता."

साहेबांनी लिहिलं, "चूक. कोणती रेकॉर्ड ते समजलं, मले पाठ आहे. पियानो समजावते. पुन्हा ऐक."

मी पुन्हा लावली. दोनदा ऐकली. पियानो समजावत नव्हता. आजवर त्यांच्या कुठल्याही निकालावर मी काही बोलले नव्हते. मी लिहिलं, "तुम्ही कुठं ऐकलं जी? मी ऐकलं."

थोडा वेळ काहीच आलं नाही. बहिऱ्या माणसाला हे काय लिहिलं, असं वाटून मी फोन पालथा ठेवला.

तो पुन्हा वाजला तेव्हा नवऱ्यानंच उचलून वाचून दाखवलं. साहेबांनी लिहिलं होतं, "आता बरोबर भांडून राहिली."